हॅकिंटॉशवर एअरड्रॉप: वाचकांचे प्रश्न

हॅकिंटॉश म्हणजे ॲपलचं मॅकओएस टाकलेला साधा पीसी, आणि एअरड्रॉप म्हणजे ॲपलच्या उपकरणांमध्ये विनावायर फायली पाठवण्याची सोय.

प्रश्न: इंटेल एएक्स२०० कार्डावर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालतात, पण एअरड्रॉपमध्ये आयफोन दिसत नाही. कुठली सेटिंग राहिली?

सेटिंग शोधत रात्री जागवू नका. एअरड्रॉप समोरचा फोन ब्लूटूथवरून हेरतो, पण फाइल जाते ती एडब्ल्यूडीएल या ॲपलच्या स्वतःच्या वायफाय पद्धतीने, राउटरला मध्ये न घेता. इंटेलसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम ड्रायव्हर इंटरनेट छान चालवतो, एडब्ल्यूडीएल मात्र त्यात नाही.

प्रश्न: फेनवी टी९१९ हे ब्रॉडकॉम चिपचं वायफाय-ब्लूटूथ कार्ड बसवलं. वायफाय लगेच लागलं, ब्लूटूथचा पत्ता नाही. कार्ड परत करू का?

थांबा, आधी कॅबिनेट उघडा. या कार्डाचं वायफाय पीसीआयई स्लॉटमधून चालतं, ब्लूटूथ यूएसबीवरून. सोबत आलेली बारीक केबल मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला लावायची असते, आणि बहुतेकदा तीच खोक्यात राहून जाते. हेडरच्या एका कोपऱ्यात पिन नसते, त्यावरून दिशा ओळखा. केबल लावूनही ब्लूटूथ आलं नाही, तर यूएसबी मॅप, म्हणजे मॅकओएसला दाखवायच्या पोर्टांची यादी, तपासा. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट धरते आणि ३.० चा एक पोर्ट दोन मोजते, त्यामुळे हेडरचा पोर्ट यादीबाहेर पडतो. तो आत घ्या आणि त्याचा प्रकार २५५, म्हणजे अंतर्गत, ठेवा.

प्रश्न: लॅपटॉपचं कार्ड बदलता येईल?

सोल्डर केलेलं असेल तर नाही. काही लॅपटॉपांचं बायोस परकं कार्ड स्वीकारत नाही, काही स्लॉट फक्त इंटेलच्या सीएनव्हीआय कार्डांसाठी असतात (वायफायचं निम्मं काम प्रोसेसरच्या बाजूला असलेली कार्डं). मॉडेलनुसार हे तपासल्याशिवाय पैसे घालू नका.

प्रश्न: मॅकओएस व्हेंचुरावर चालणारं ब्रॉडकॉम कार्ड त्यापुढची सोनोमा आवृत्ती टाकल्यावर बंद पडलं. उपाय?

२०२३ मध्ये आलेल्या सोनोमातून ॲपलने या चिपांचा आधारच काढला. ओपनकोर लेगसी पॅचर या स्वयंसेवकांच्या साधनाने तो परत बसवता येतो, पण त्यासाठी एसआयपीचं, म्हणजे मॅकओएसच्या सिस्टिम फायली बदलू न देणारं, संरक्षण सैल करावं लागतं. शिवाय प्रत्येक अपडेटनंतर पॅच पुसला जातो आणि पुन्हा मारावा लागतो. तोवर इथरनेटची वायर हाताशी हवी. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे मी हा पॅच कधीच टाकणार नाही. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय, आणि हॅकिंटॉश इंटेल मॅकच्याच आवृत्त्यांवर चालतो, म्हणून आता नवं कार्डही घेऊ नका. नुसत्या फायली हलवायच्या असतील तर दोन्हीकडे लोकलसेंड हे फायली पाठवायचं ॲप टाका. त्याला एकच वायफाय नेटवर्क पुरतं, चिप कुठलीही चालते.