हार्ड डिस्क टकटक करतेय, काय करू?

मागच्या अंकात बॅकअपवर पानभर लिहिलं होतं, त्यावर बॅकअपबद्दल एकाचाही प्रश्न आला नाही, आले ते सगळे आवाजांबद्दल. टकटक, कुरकुर, घरघर, शिट्टी, एका ताईंनी तर "आत कुणीतरी बसून नखं कापतंय" असं लिहिलंय आणि खरं सांगायचं तर इतकं नेमकं वर्णन मी दुरुस्तीवाल्यांकडूनही ऐकलेलं नाही. त्यांचं उत्तर पुढे आहे, घाबरण्यासारखं नाहीये. पण पहिलं पत्र घाबरण्यासारखं आहे म्हणून ते आधी घेतो.

प्रश्न : घरचा डेस्कटॉप सहा वर्षांचा आहे. आठवडा झाला, चालू केला की आतून टक... टक... टक असा एका लयीत आवाज येतो, आठ-दहा वेळा, मग डिस्क गप्प होते, मग परत तेच. कधी विंडोज सुरू होतं पण खूप वेळ लावून, कधी काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस मिळत नाही असा मेसेज येतो. मुलीचे जन्मापासूनचे फोटो यातच आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. एक मित्र म्हणतो चेकडिस्क चालव, दुसरा म्हणतो डिस्क काढून फ्रीजरमध्ये ठेव. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. आणि कॉम्प्युटर आत्ता चालू असेल तर आधी बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

आत काय होतंय ते सांगतो म्हणजे बंद का करायला सांगतोय ते कळेल. डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात, डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुतेक वेळा मिनिटाला ७२०० फेरे मारतात, आणि एका छोट्या हाताच्या टोकाला बसवलेलं हेड त्यांच्यावरून इकडेतिकडे जातं. ते तबकडीला टेकत नाही हं, तबकडीच्या वेगाने जी हवा ओढली जाते तिच्यावर ते तरंगतं आणि मधलं अंतर असतं जेमतेम काही नॅनोमीटर. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा. आता डिस्क चालू झाली की हेडला सगळ्यात आधी तबकडीवरच्या खुणा वाचून आपण नक्की कुठे आहोत ते शोधावं लागतं, शिवाय डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरचा, म्हणजे तिला चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, बराचसा भागसुद्धा तबकडीवरच लिहिलेला असतो. ते वाचता आलं नाही की हात मागे घेतला जातो, परत पुढे येतो, परत मागे, आणि मागे जाऊन शेवटच्या थांब्याला धडकतो तो तुमचा टक. असे आठ-दहा प्रयत्न करून डिस्क नाद सोडते आणि मोटर थांबवते. म्हणजे बहुतेक हेड गेलंय किंवा जायला आलंय, किंवा तबकडीवर ओरखडा आहे, आणि ओरखडा असेल तर दर वेळी चालू करून बघणं म्हणजे त्याच जागेवर परत परत नांगर फिरवणं.

डिस्क निर्दोष सुटेल अशी एकच शक्यता आहे, ती म्हणजे वीज. मोटर सुरुवातीला उचल घेताना १२ व्होल्टच्या लाइनमधून दोनेक अँपिअर ओढते, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, थकलेला असेल किंवा पॉवरचा कनेक्टर सैल असेल तर मोटर अर्ध्यातच दम सोडते आणि आवाज जवळपास असाच येतो. म्हणून मशीन बंद असताना डिस्कला दुसरी पॉवरची पिन आणि दुसरी साटा केबल (डेटाची) लावा आणि एकदा, फक्त एकदा, चालू करून बघा. टकटक गेली तर बरंच झालं, त्याच बैठकीत फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या. नाही गेली तर तिथेच थांबा.

चेकडिस्कचं म्हणाल तर ते फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, दुरुस्त करायला असतं, मोडलेलं हेड दुरुस्त करायला नाही. ते मरणाऱ्या डिस्कला अख्खी पालथी घालायला लावतं आणि वर त्याच डिस्कवर लिहितं, जे आपल्याला अजिबात नकोय. मी स्वतः ही चूक केलेली आहे, एका नातेवाइकाची अशीच टकटकणारी डिस्क रात्रभर सरफेस स्कॅनला (अख्खी डिस्क वाचून तपासायला) लावून निवांत झोपलो, सकाळी टकटक बंद होती आणि खर्रर्र असा आवाज येत होता. त्यानंतर त्यातलं काहीच निघालं नाही. आणि फ्रीजर, हा सल्ला कुठल्या काळापासून फिरतोय देव जाणे, पण थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आतली तबकडीही त्यातून सुटत नाही, आणि नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडच्या वाटेत पाण्याचा थेंब म्हणजे संपलंच. डिस्क उघडून बघायचा मोहही टाळा, धुळीचा साधा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो. तिसरा कुणी मित्र भेटला तर तो म्हणेल तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लाव, तेही नको, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं त्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतात, ती चिप न बदलता बोर्ड बदललं तर बहुतेक डिस्का ओळखच देत नाहीत.

राहिलं फोटोंचं. ते परत मिळणारच नाहीत असे असतील तर डिस्क जशी आहे तशी, आणखी एकदाही चालू न करता, धूळमुक्त स्वच्छ खोली असलेल्या रिकव्हरी लॅबकडे द्या. तिथे हेड बदलून प्रत काढतात, स्वस्त नसतं, आणि खात्री तेही देत नाहीत. आणि ते शक्य नसेल, स्वतःच एक प्रयत्न करायचा असेल, तर विंडोज सुरू करू नका कारण ते सुरू होतानाच डिस्कवर हजार उद्योग करतं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम वापरून अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या, डिस्कवर घ्या. त्याची गंमत अशी की जिथे वाचता येत नाही तिथे तो अडून बसत नाही, पुढे जाऊन सोपं सोपं आधी गोळा करतो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो, कुठपर्यंत आलो ते एका फाइलमध्ये लिहूनही ठेवतो (ही मॅप फाइल द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच बंद पडलं की पहिल्यापासून). फोटो शोधणं वगैरे नंतर, आणि तेही प्रतीवर.

प्रश्न : लॅपटॉप शांत ठेवलेला असला, मी नुसती वाचत बसलेली असले, की मध्येच "टिक" असं हळूच होतं, पाच-दहा सेकंदांनी परत. आत कुणीतरी बसून नखं कापतंय असं वाटतं. काम करायला लागलं की बंद होतं. डिस्क जाणार आहे का?

उत्तर : तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार उपयोगाचं, कारण आवाज कसला यापेक्षा तो कधी येतो यावरून जास्त कळतं. काम नसताना येतो आणि काम सुरू झालं की जातो, म्हणजे डिस्क हेड पार्क करतेय. वीज वाचवायला आणि लॅपटॉप हलला-पडला तर हेड तबकडीवर आपटू नये म्हणून थोडा वेळ काम नसलं की हेड बाजूच्या उतारावर नेऊन ठेवलं जातं. मग विंडोज काहीतरी बारीकसं लिहायला जातं, हेड खाली येतं, परत काम नाही, परत वर. झालं नखं कापणं.

एवढंच की याची मोजदाद होत असते, लोड सायकल काउंट नावाने, आणि बऱ्याच डिस्का तीन लाख किंवा सहा लाख वेळांसाठी बनवलेल्या असतात. दर दहा सेकंदांना एक धरली तर दिवसाचे आठ तास चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये तीन लाख व्हायला साडेतीन महिनेसुद्धा लागत नाहीत, अर्थात तो आकडा ओलांडला म्हणून डिस्क त्या दिवशी बंद पडत नाही. तरी फार वाढत असेल तर पॉवर सेटिंगमध्ये किंवा डिस्कच्या युटिलिटीमध्ये एपीएम (डिस्कची वीज वाचवायची सोय) कमी आक्रमक करून ठेवा.

याच पठडीतला अजून एक आवाज, मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डेस्कटॉप डिस्का काम नसताना दर पाचेक सेकंदांना ठक करतात. आतल्या भागांची झीज एकाच जागी होऊ नये म्हणून हेड मुद्दाम हलवलं जातं, कंपनीनेच तसं ठेवलेलं असतं. नवी डिस्क घेतल्या घेतल्या परत करायला धावू नका.

प्रश्न : बाहेरची पोर्टेबल डिस्क जोडली की बारीक बीप-बीप येतं, कॉम्प्युटरला दिसत नाही. यात स्पीकर असतो का?

उत्तर : नसतो, मोटरच गाते. फिरायचा प्रयत्न करते, फिरता येत नाही, थरथरते. पहिला संशय विजेवर. साधा जुना यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, निळा यूएसबी ३ वाला ९००, आणि समोरच्या पॅनेलचे पोर्ट किंवा स्वस्त हब तेवढंही नीट पोचवत नाहीत. मागचा पोर्ट आणि आखूड, जाडसर केबल वापरून बघा, अर्ध्या लोकांचं बीप तिथेच थांबतं (हे मी माझ्याकडे आलेल्या पत्रांवरून म्हणतोय, मोजलेलं नाही).

तरी बीप आलाच तर हेड पार्क न होता तबकडीवरच चिकटून बसलेलं असू शकतं, डिस्क कधी पडली होती का आठवून बघा. हाताने टपली मारून सोडवायचे व्हिडिओ सापडतील, हेड सुटतं कधीकधी, पण तबकडीवरचा थरही सोबत घेऊन सुटतं. डेटा नको असेल तर खुशाल मारा. आणि खोकं फोडून आतली डिस्क थेट जोडू असा बेत असेल तर दोन गोष्टी, काही पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबी थेट डिस्कच्या बोर्डालाच जोडलेला असतो, साटा मिळतच नाही, आणि काहींमध्ये खोक्यातली चिप सगळा डेटा एनक्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, लिहिते त्यामुळे दुसरीकडे लावली तर डिस्क रिकामी दिसते आणि विंडोज "फॉरमॅट करू का" विचारतं. नाही म्हणा.

प्रश्न : कॅबिनेटमधून दिवसभर घरघर. डिस्कच असेल ना?

उत्तर : असेलच असं नाही, माझा पहिला पैसा फॅनवर. एखादी वायर पात्याला घासत असते किंवा फॅनचं बेअरिंग सुकलेलं असतं. ओळखायचं कसं, तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, मुठीचं टोक कानामागच्या हाडाला लावा आणि दुसरं टोक हलकेच डिस्कच्या कडेला टेकवा, सर्किटच्या बाजूला नाही. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं आतलं सगळं ऐकू येतं. मग तेच फॅनच्या चौकटीवर करा, पात्यांपासून लांब. अजून खात्री हवी तर मशीन बंद करून डिस्कची पॉवर काढा आणि परत चालू करा, विंडोज येणार नाही पण घरघर आली तर डिस्क निर्दोष.

आणि कधी डिस्क नुसती गुणगुणत असते पण पत्रा तो आवाज मोठा करतो. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, तेवढ्या कंपनाला कॅबिनेटचा सैल पत्रा मस्त साथ देतो. कॅबिनेटवर तळहात दाबा, आवाज बदलला की समजायचं, स्क्रू आवळा किंवा मध्ये रबराचे वॉशर घाला.

प्रश्न : क्रिस्टलडिस्कइन्फो "गुड" दाखवतंय, पण फाइल कॉपी करताना डिस्क एका जागी अडून कर्र कर्र करते. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : कानावर. हा प्रोग्रॅम स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे दाखवतो. ते वाईट असले तर डिस्क बहुतेक वाईट असते, पण चांगले असले म्हणून डिस्क चांगली असं उलटं धरता येत नाही. गुगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी धोक्याच्या चार मुख्य आकड्यांपैकी एकातही काही दाखवलं नव्हतं.

तरी बघायचंच तर वरचा निळा चौकोन सोडून खाली तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही असे, आणि सी७ म्हणजे डेटा वाटेत बिघडला, ज्याचा दोष बहुतेक वेळा केबलचा असतो, डिस्कचा नाही. एक घोळ लक्षात ठेवा, हा प्रोग्रॅम मूळ आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पद्धतीत, दाखवतो, तिथे ६४ दिसलं तर ते १०० असतं. तुमच्या वर्णनावरून सी५ शून्य नसावा असं वाटतं. आधी कॉपी, जी फाइल अडते ती सोडून बाकीच्या, आणि ती सगळ्यात शेवटी.

प्रश्न : माझ्याकडे एसएसडी आहे आणि तरीही माऊसने पान सरकवलं की चिर्र असं येतं. वेडा झालोय का?

उत्तर : नाही. एसएसडीत डेटा तबकडीवर नाही, चिपमध्ये असतो, त्यामुळे हलणारं काही नसतं पण बोर्डावरच्या कॉइल विजेच्या चढउताराने थरथरतात, त्यांचा आवाज आहे तो, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा किंवा एसएमपीएसचा असतो आणि एसएसडीवर नाव येतं. बिघाड नाही, त्रास मात्र होतो. गेम किंवा ब्राउझरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बांधून घातला की बराच कमी होतो.