आजोळची पेठ

प्रिय सई,

परवा रात्री तू कादंबरी मिटलीस आणि विचारलंस, "बाबा, शाळकरी मुलांच्या बर्फावरच्या हॉकीवरून अख्खं गाव दुभंगतं, हे खरं असतं? आपल्या मराठी लोकांत असं होतं?" मी नुसतं झोप म्हणालो. उत्तर मोठं होतं.

होतं, सई. माझ्या कोल्हापुरात होतं. तिथे बर्फ नाही, शाहू स्टेडियम आहे आणि फुटबॉल आहे. संघांची नावं बघ: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीची जागा, तांबड्या मातीचा हौद. शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ राज्य केलं, कुस्तीला आश्रय दिला आणि पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. पुढे त्याच तालमींचे फुटबॉल संघ झाले. त्यामुळे तुझ्या क्लबासारखं फी भरली की झालं, असं तिथे नसतं. तालीम गणपती बसवते. घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला तालमीचीच पोरं येतात. तो संघ हरला की पेठेत त्या रात्री कुणाला जेवण गोड लागत नाही. याला आम्ही ईर्षा म्हणतो. पुस्तकी मराठीत ईर्षा म्हणजे मत्सर. आमच्याकडे त्यात अभिमानही मिसळलेला असतो.

आता आमच्या घरचं. मी शिवाजी पेठेतला, तुझ्या आजीचं माहेर मंगळवार पेठेत. दोन्ही पेठा चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मैदानात हाडवैरी. मला पहिली मॅच दाखवली ती मामानं, खांद्यावर बसवून, त्याच्या तालमीची. सोळाव्या वर्षी मी आमच्या पेठेकडून उतरलो, समोर मामाचा संघ. माझ्या पासवर गोल झाला. समोरच्या गॅलरीतून माझ्या नावानं शिव्या आल्या आणि त्या गॅलरीत मामा बसला होता.

त्या वर्षी पाडव्याला मामा आला नाही. आजीनं त्याचं ताट दुपारपर्यंत झाकून ठेवलं, मग डबा भरला, माझ्या हातात दिला आणि मला घेऊन मंगळवार पेठेत गेली. मामा जेवला, श्रीखंड दोनदा घेतलं, पण मॅचबद्दल अवाक्षर नाही. आजही त्या गोलाचा विषय निघाला की उठून बाहेर जातो.

मला ती ईर्षा प्रिय आहे, तिच्याशिवाय मी खेळलोच नसतो. पण गॅलरीतली हुल्लड, दगड, पोरांना आयाबहिणींवरून दिलेल्या शिव्या मी पाहिल्यात. ते मोठ्यांचं पाप आहे, मुलांच्या डोक्यावर टाकलेलं. आता तर त्याच तालमींकडून परदेशी खेळाडूही खेळतात आणि पेठ त्यांना आपलं म्हणते. मग गल्लीतला मुलगा पलीकडे गेला की तो फितूर कसा? २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा तो कुठल्या पेठेचा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तुझी मैत्रीण पलीकडच्या गावच्या संघात गेल्यापासून तू तिला फोन केलेला नाहीस, हे मला दिसतंय. शनिवारी तुमची मॅच त्यांच्याशीच आहे. मी तिच्या आईशेजारी बसणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
बाबा