पहिलटकरणीच्या उशाशी बसताना

धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलंय, लेबर रूममध्ये सोबत तुम्हीच असणार, "पण मला स्वतःला मूल नाही, मी तिला कसला धीर देणार?" असं तुम्ही विचारलंय. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली आणि नंतर चौघींच्या उशाशी बसले, त्यावरून सांगते. तुम्हाला मूल नसल्यानं काही अडत नाही. ग्वाटेमालातल्या पहिलटकरणींवरचा एक अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला होता. त्यात सोबतीला बसवलेल्या बायका पूर्णपणे अनोळखी होत्या, कसलं प्रशिक्षणही नव्हतं. हात धरायचा, पाठ चोळायची, बोलत राहायचं, एवढंच त्यांचं काम. गुंतागुंत न झालेल्या बाळंतपणांत भरती झाल्यापासून सुटकेपर्यंत, सोबत असलेल्यांना सुमारे ९ तास लागले, एकट्या असलेल्यांना १९. तुम्ही तर सख्खी बहीण!

त्यामागचं कारणही समजून घ्या. माणूस घाबरला की अंगात अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या ते आड येतं. म्हणून खोलीतून सारखं आत-बाहेर करू नका. माझ्या पहिल्या वेळी सोबतीचं माणूस दर थोड्या वेळानं "आलेच हं" म्हणून फोनवर बोलायला बाहेर जायचं. कळा विसरले, पण ते दार बंद झाल्याचा आवाज अजून आठवतो. घरच्यांना बातम्या द्यायचं काम आधीच दुसऱ्या कुणावर सोपवा.

आणि तिच्यासमोर "किती सेंटीमीटर झालं?" (म्हणजे गर्भाशयाचं तोंड किती उघडलं) असं सारखं विचारू नका. पहिलटकरणीला सगळ्यात जास्त खचवतो तो हाच आकडा. रात्रभर कळा सोसून "अजून तीनच" ऐकलं की तिला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे जोमाच्या कळांचा टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरतात आणि त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक वेळ नाही. हे तिला आजच, शांतपणे सांगून ठेवा. त्या वेळी डोक्यात शिरणार नाही.

बोलायचं काय? थोडंच. कळ चालू असताना काही विचारू नका, फक्त तुमचा श्वास तिला ऐकू येईल असा सावकाश सोडा. कळ ओसरली की "ही गेली" म्हणा, पाण्याचा घोट द्या, कपाळ पुसा. "ओरडू नकोस", "सगळ्यांनाच होतं", "माझ्या मैत्रिणीला तर..." ही वाक्यं घरीच ठेवून जा. कंबर दाबलेली काहींना फार बरं वाटतं, आणि तासाभरानं तीच बाई "हात लावू नकोस" म्हणून खेकसते. मनाला लावून घेऊ नका.

शेवटी शेवटी, जोर द्यायच्या थोडं आधी, अंग थरथरतं, मळमळतं, ती म्हणेल, "मला नाही जमणार, घरी चल." तिथं बहुतेक सोबती घाबरतात. खरं तर गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडत आल्याची ती खूण असू शकते. समजावत बसू नका, तिच्या डोळ्यांत बघून "मी इथेच आहे" म्हणा. मात्र रक्तस्राव किंवा वेगळं काही दिसलं, तर अंदाज न बांधता लगेच नर्सला हाक मारा.

वेदना कमी करायचं इंजेक्शन तिनं मागितलं तर वाद नको. सिझेरियन सुचवलं तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "आत्ताच करायला हवं, की विचार करायला वेळ आहे?" मग उत्तर तिला सोप्या शब्दांत सांगा. निर्णय तिचा.

बाळ आलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळतील, तुमचीही वळेल. पण वार (प्लासेंटा) पडायची असते, टाके पडले तर तेही घालायचे असतात, आणि त्या अर्ध्या तासात आईकडे कुणाचंच लक्ष नसतं. माझ्या दुसऱ्या वेळी नणंद तेवढा वेळ माझा हात धरून बसली होती. तिनं बाळ सगळ्यात शेवटी पाहिलं.