पठारावर पहिल्यांदा मोजणीला येणाऱ्यासाठी

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर चौकटी (झाडं मोजायला आखलेले ठरावीक मापाचे चौकोन) टाकायला येणार असशील, तर सगळीच फुलं ओळखायचा नाद आधी सोड. प्रदूषणाच्या अभ्यासाला थोड्याच वनस्पती लागतात, पण त्या खात्रीच्या हव्यात.

दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पतीपासून सुरुवात कर. पानावरच्या लालसर केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. पानं जमिनीलगत चकतीसारखी पसरली असतील तर ड्रॉसेरा बर्मानी, उभ्या दांड्यावर लांब, बारीक असतील तर ड्रॉसेरा इंडिका. आसपास जांभळी सीतेची आसवं दिसतील. तिचे किडे पकडणारे फुगे मातीत असतात, त्यामुळे उपटून बघायचा मोह होतो. उपटायचं नाही! जांभ्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन कमी, म्हणून ही मंडळी किडे खातात. वाहनांच्या धुरातून नायट्रोजन येत राहिला की गवत माजतं आणि यांना झाकून टाकतं. तेव्हा रस्त्याकडेच्या आणि आतल्या चौकटीत गवताने किती जागा व्यापली, तेही लिही. नुसती यादी काही कामाची नाही.

गेंद या फुलाची नेमकी जात जागेवर ठरवू नको. त्यासाठी बिया सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. वहीत फक्त 'एरिओकॉलॉन' हे त्याच्या कुळीचं नाव लिही. पुढचं शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या जाणकारांना विचारू.

दगडफुलाचं (हो, मसाल्यातलंच) नाव नाही आलं तरी चालेल. खडकाला चिकटलेलं, पानासारखं की झुडपासारखं, एवढं नोंद. झुडपासारखं सहसा धुराने आधी जातं.

आणि फोटोत मापासाठी पट्टी ठेव.