आत्म्याच्या प्रगतीचं सूत्र मांडायचं, तर वासना छेदात ठेवून काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: आध्यात्मिक प्रगती = साधना × श्रद्धा ÷ वासना, असं सूत्र धरून जिवाचा जन्मोजन्मीचा प्रवास गणिताने मांडता येईल का, आणि ते आपल्या तत्त्वज्ञानाला धरून होईल का?

मांडता येईल. मी अंबाजोगाईला गणित शिकवतो, आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ठरवा की बदलतंय कोण. अद्वैतात आत्मा बदलतच नाही, तो स्थिरांक आहे; प्रगती होते ती अंतःकरणाची. रामानुजांच्या मते जिवाचं स्वरूप तेच राहतं, पण त्याच्या ज्ञानाचा संकोच-विकास होतो, म्हणजे तिथे तुम्हाला खरोखरचं चल मिळतं. मध्वाचार्यांच्या मते एका जिवात आणि दुसऱ्या जिवात मुळातच तारतम्य, म्हणजे वर-खाली अशी उतरंड आहे, मोक्षातही आनंद सारखा नसतो. मग प्रत्येक जिवाची वरची मर्यादा वेगळी धरावी लागेल. तीन आचार्य, तीन वेगळी समीकरणं. ‘हिंदू तत्त्वज्ञानाचं’ असं एकच सूत्र निघणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करून टाका. मी पुढे बहुतेक अद्वैताच्या अंगाने बोलतोय, कारण आमच्याकडच्या मुकुंदराज-दासोपंत या संतांची परंपरा तीच.

आता तुमचं सूत्र. साधना आणि श्रद्धा यांचा गुणाकार घेतलात, बेरीज नाही, हे मला पटलं. अश्रद्धेने केलेलं हवन, दान, तप ‘असत्’, असं गीतेचा सतरावा अध्याय संपताना सांगितलंय. गुणाकारात श्रद्धा शून्य झाली की सगळंच शून्य होतं. बेरजेत तसं झालं नसतं. साधना मात्र एका जन्मापुरती घेऊ नका, आजवरची एकूण बेरीज घ्या. ‘नेहाभिक्रमनाशोऽस्ति’, केलेला आरंभ वाया जात नाही. योगभ्रष्ट, म्हणजे साधना अर्धवट राहिलेला, तोसुद्धा पुढच्या जन्मी जिथे सोडलं तिथूनच उचलतो. म्हणजे अंश कधी कमी होत नाही असं धरायला हरकत नाही, निदान साधनेपुरतं.

खरा प्रश्न छेदाचा आहे. वासना शून्य झाली की काय? आजचं गणित शून्याने भागू देत नाही. भास्कराचार्यांनी मात्र 1150 सालच्या ‘बीजगणिता’त अशा राशीला खहर म्हटलं, आणि पुढे जे लिहिलं ते तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं: या राशीत कितीही मिळवा, कितीही काढा, तिच्यात विकार होत नाही, जसे प्रलयकाळी आणि सृष्टीकाळी भूतांचे समुदाय आत गेले किंवा बाहेर आले तरी अनंत अच्युत तसाच राहतो. (त्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सवड काढून बघून या.) खहर राशीचा अर्थ तुमच्या सूत्रात घातलात तर असं दिसतं की वासना शून्य झाली की अंशात किती साधना आहे याने काही फरक पडत नाही.

आणि नेमकं हेच तैत्तिरीय उपनिषदात आहे. आनंदाची मीमांसा करताना ते आधी एकक ठरवतं: तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस, आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. हा मनुष्याचा एक आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा, मग पितर, आजानज देव, कर्मदेव, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि ब्रह्म. दहा पायऱ्या, दर पायरीला शंभरपट. म्हणजे ब्रह्माचा आनंद एककाच्या 100 चा दहावा घात, एकावर वीस शून्यं. बृहदारण्यकातही अशीच माळ आहे, पण पायऱ्या सहाच, म्हणून तिथे एकावर बारा शून्यं येतात. दोन उपनिषदांचे आकडे जुळत नाहीत आणि जुळावेत अशी कुणाची अपेक्षाही नव्हती, कारण खरं वाक्य दुसरंच आहे. मनुष्यगंधर्वापासून प्रत्येक पायरीवर तैत्तिरीय म्हणतं: ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’. वेद जाणणारा आणि कामनेने न मारलेला जो आहे, त्याला हा आनंद आहेच. इंद्राचाही, प्रजापतीचाही. त्याला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. एवढी मोठी संख्या मांडून झाल्यावर लगेच पुढच्या अनुवाकात, म्हणजे पुढच्या भागात, वाणी आणि मन तिथून परत फिरतात.

इथे एक अडचण येईल, ती सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाढ झोपेत वासना कुठे असते? आजवरची साधना अंशात आहेच, पण छेद शून्य दिसतो. मग सूत्राने झोपणारा रोज मुक्त ठरेल. पण झोपणारा मुक्त होत नाही, कारण वासना बीजरूपाने शिल्लक असते. म्हणून छेदात फक्त प्रकट वासना घेऊन चालणार नाही, सुप्त संस्कारही घ्यावे लागतील.

कर्माचा हिशेब त्यामानाने सोपा आहे: नवं संचित (साठलेलं कर्म) = जुनं संचित − प्रारब्ध (या जन्मी भोगायला आलेलं) + क्रियमाण (आता करतोय ते). भोगून हे कधी संपेल याची खात्री देता येत नाही. ज्ञान झालं की संचित जळतं, पुढचं कर्म चिकटत नाही, प्रारब्ध तेवढं देह पडेपर्यंत उरतं. म्हणजे आलेख हळूहळू शून्याला टेकत नाही, एका जागी तुटतो. गुळगुळीत वक्ररेषा काढाल तर अद्वैत हातातून निसटेल.

दासोपंतांच्या पासोडीबद्दल, म्हणजे जाड कापडाच्या पांघरुणाबद्दल, मात्र सांगायलाच हवं. सोळाव्या-सतराव्या शतकातले आमच्या गावचे हे संत. सुमारे 40 फूट लांब कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं. पंचीकरण म्हणजे पाच महाभूतं एकमेकांत मिसळून स्थूल भूतं होण्याची रीत. तिचं गणित असं: दिसणाऱ्या प्रत्येक भूतात निम्मा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश. स्थूल पृथ्वीत 1/2 पृथ्वी आणि आप, तेज, वायू, आकाश प्रत्येकी 1/8. पाच ओळी पाच स्तंभांची सारणी झाली. साधकाला उलट जायचंय, तत्त्वांचा झाडा घ्यायचाय, मिसळलेलं वेगळं करायचंय. मग या सारणीचा व्यस्त, म्हणजे हे मिसळणं उलटवणारी सारणी, काढा. तो निघतो: कर्णावर 7/3 आणि बाकी सगळीकडे −1/3. ताळा करून बघा. शुद्ध पृथ्वी हवी असेल तर स्थूल पृथ्वीच्या 7/3 मधून इतर चारही स्थूल भूतांचा प्रत्येकी 1/3 वजा करायचा. पृथ्वीचा हिशेब 7/6 − 1/6 = 1, आपाचा 7/24 − 7/24 = 0.

हे गणित पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या ऋण चिन्हांकडे बघत राहिलो. मिसळणं नुसत्या बेरजेने होतं, पण वेगळं करणं वजाबाकीवाचून होतच नाही. ‘नेति नेति’ची, म्हणजे ‘हे नव्हे, हे नव्हे’ म्हणत जाण्याची रीत इथे अपूर्णांकांत उभी आहे. आणि पाचही शुद्ध तत्त्वं वेगळी करून झाली तरी आत्मा त्या सारणीत नाही. तो सहावा स्तंभ नव्हे, झाडा बघणारा आहे. तुमचं मॉडेल बंधनांचं होईल, आत्म्याचं नाही. मला यात काही कमी वाटत नाही.

एक विनंती. सप्ताहातली पारायणं, जपाच्या माळा हे आकडे अंशात जरूर घाला, ते मोजता येतात. पण त्यावरून कुणा माणसाची प्रगती काढून त्याला सांगू नका. छेद बाहेरून दिसत नाही.

सुरुवात पंचीकरणाच्या सारणीपासून करा, कारण तिथले आकडे परंपरेनेच दिलेले आहेत, आपल्या मनाचे नाहीत. मग सुप्त संस्कार छेदात कसे घ्यायचे ते ठरवा. मांडणी झाली की मला दाखवा, आकडेमोड तपासून देईन.