भुरीच्या खुब्याचा हिशेब

मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि रस्त्यावरच्या त्या भुरी कुत्रीचे एक्स-रे मिळाले. दुचाकीच्या धडकेने निखळलेला तिचा खुबा महिनाभर तसाच राहिला. आता तो जागेवर बसवला तरी टिकणार नाही, म्हणून मांडीच्या हाडाचा गोल माथाच काढून टाकावा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे आणि त्यासाठी ४५,००० रुपये जमवायला तू निघाली आहेस. आवाहन कसे लिहावे, हा तुझा प्रश्न आहे. परंतु मी पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस असल्यामुळे आवाहनाच्या आधी मला अंदाजपत्रकच दिसते.

हा आकडा तुला तोंडी सांगितलेला आहे. तो रुग्णालयाच्या कागदावर, तारखेसह आणि बाबवार लिहून घे. रक्ततपासणी, भूल, शस्त्रक्रिया, औषधे आणि रुग्णालयातील मुक्काम यांपैकी त्यात काय धरले आहे आणि काय नाही, हे शांतपणे विचार. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये गोचीड-ताप पुष्कळ आढळतो आणि त्यात प्लेटलेट कमी झालेल्या असल्या की शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी तापाचे उपचार करावे लागतात. हा खर्च आवाहनात नसेल, तर पंधरा दिवसांनी त्याच लोकांपुढे पुन्हा हात पसरण्याची वेळ येते, आणि दुसऱ्यांदा मागताना शब्द जड होतात.

याहून महत्त्वाचा खर्च शस्त्रक्रियेनंतरचा आहे. माथा काढण्याच्या या शस्त्रक्रियेत, जिला डॉक्टर ‘एफएचओ’ म्हणतात, कृत्रिम सांधा बसवत नाहीत; हाडाचा माथा गेल्यावर भोवतीचे स्नायू आणि नव्याने तयार होणाऱ्या तंतुमय ऊती मिळून सांध्याचे काम करू लागतात. भुरीसारख्या सतरा किलोच्या कुत्रीला हा मार्ग सहसा मानवतो, परंतु त्यासाठी तिने पाय वापरला पाहिजे. हाड मोडल्यावर जसे आपण महिनाभर जपतो, तसे येथे करून चालत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हापासून, दुखणे औषधांनी आटोक्यात ठेवून, पाय हळूहळू हलवावा लागतो, पट्टा धरून सावकाश चालवावे लागते. नाहीतर स्नायू आखडतात आणि उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते. म्हणून वेदनाशामके, फिजिओथेरपी, रिक्षाभाडे आणि घसरू नये म्हणून फरशीवर घालायच्या रबरी चटया, हे सगळे पहिल्याच आकड्यात धर. दोन महिने तिला कोण सांभाळणार, हेही आवाहनात लिही. दाता पैसे देताना मनात हाच प्रश्न विचारतो.

जमले तर परळला जाऊन दुसरे मत घे. तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासूनचे आहे. रांगेत बसावे लागेल, पण ‘दुसऱ्या डॉक्टरांनीही हेच सांगितले’ या एका वाक्याला आवाहनात वजन असते, आणि मत वेगळे पडले तर भुरीचेच भले होईल.

आता मुख्य मुद्दा. पैसा तुझ्या खात्यात घेऊ नकोस. रुग्णालयाने भुरीच्या नावाने केस पेपर उघडला असेल, तर दात्यांनी थेट रुग्णालयाच्या खात्यात रक्कम भरावी आणि शेऱ्यात भुरीचे नाव व केस क्रमांक लिहावा, अशी सोय होईल का ते विचारून घे. वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून तुला मिळालेल्या अशा रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर केवळ वरची नव्हे, सगळीच रक्कम तुझे करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. करसवलतीची पावतीही तुला देता येणार नाही. ती तशी मान्यता असलेली नोंदणीकृत संस्थाच देऊ शकते, आणि तीही २,००० रुपयांपेक्षा मोठ्या रोख देणगीवर चालत नाही. निधी जमवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचा आधार घेणार असशील, तर त्यांचे शुल्क आधी वाच. काही ठिकाणी देणगीबरोबर संकेतस्थळासाठीची ‘टिप’ आपोआप भरलेली असते आणि घाईतल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

हे मी शहाणपणाने नव्हे, चटका बसल्यावर शिकलो आहे. आमच्या खंड्याच्या गुडघ्यासाठी मी कॉलनीत पाकिटे फिरवली होती आणि खर्च भागून ३,२०० रुपये उरले होते. ते मी कोणालाही न विचारता दुसऱ्या एका कुत्र्याच्या उपचाराला वापरले. वर्षभराने एका गृहस्थांनी जिन्यात सहज विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर होते, पावतीही होती, तरीही त्यांच्या चेहऱ्यावरची शंका पुरती गेली नाही. शिल्लक उरली तर ती कुठे जाईल आणि भुरी शस्त्रक्रियेआधीच दगावली तर पैशांचे काय होईल, ही दोन वाक्ये पहिल्याच दिवशी लिही. दुसरे वाक्य लिहिताना हात थबकेल, तरी लिही.

आवाहनाची भाषा साधी असू दे. जखमेचे छायाचित्र टाकू नकोस. लोक ते पाहून हळहळतात आणि पुढे निघून जातात. ती तीन पायांवर कशी चालते, याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुरेशी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा टाकलेस की रोज आठवण करून देऊ नकोस; त्यापेक्षा ज्यांच्या दारात ती वाढली, त्या वाण्याला आणि रिक्षावाल्यांना प्रत्यक्ष भेट. पन्नास रुपये देणाऱ्याचेही नाव वहीत लिही, मात्र रकमांची यादी चारचौघांत लावू नकोस.

लेखी अंदाजपत्रक हाती आले की त्याची प्रत मला पाठव. पहिले २,००० रुपये मी रुग्णालयाच्या खात्यात भरीन.

तुझा,
काका