रियाधहून पगार न मिळताच परतलेल्या कामगाराला नागपुरातून दाद मागता येते का?

होय, मागता येते. आपले मेहुणे रियाधच्या बांधकामावरून 7 महिन्यांचा पगार थकीत ठेवून नागपूरला परतले, एवढ्यावरून त्यांचा हक्क संपत नाही. मात्र सौदी श्रम कायद्यानुसार नोकरी संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो, आणि अनेकांचे पैसे ‘कंपनी पाठवतो म्हणते’ या भरवशावर ही मुदत उलटून गेल्यानेच बुडतात, याचे फार वाईट वाटते.

दावा आधी सामोपचारासाठी जातो आणि तेथे तोडगा न निघाल्यास श्रम न्यायालयाकडे पाठवला जातो. मेहुणे येथे असल्याने रियाधमधील विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र द्यावे. ते नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन) घ्यावे, कारण सौदी अरेबियाने 2022 पासून ती पद्धत स्वीकारली आहे. करारपत्र, इकाम्याची (सौदीतील निवास परवान्याची) प्रत, पगार जमा होत असल्याचा बँक उतारा आणि मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश जपून ठेवावेत. निघताना अरबी कागदावर सही घेतली असेल, तर त्याचा अनुवाद आधी करून घ्यावा. त्यात ‘सर्व देणी मिळाली’ असे लिहिलेले असू शकते.

सोबतच परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. त्यांना तिकडे पाठवणारा एजंट नोंदणीकृत असल्यास 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक (कामासाठी परदेशी जाणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या) कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ल्यासाठी अर्ज करावा.